लढाईची तिरडी

आमच्या बाबांना वाईट तिरडी बांधता येत नव्हती. हे मी कौतुकानं सांगते आहे की तक्रारीनं, ते माझं मलाच अजून कळलेलं नाही. आदिलाबादेत कापूस बाजाराच्या कडेला आमचं दोरीचं दुकान होतं. सुतळी, सुंभ, काथ्या, बैलांचे कासरे, कापसाच्या गाड्यांवर टाकायच्या ताडपत्र्या, एका अंगाला उभे करून ठेवलेले बांबू, आणि अगदी आतल्या फळीवर पांढरं कापड, गुलाल, उदबत्त्या नि उपडी घातलेली मडकी. त्या फळीचं सामान मागायला येणारा माणूस कधी भाव करायचा नाही, आणि बाबाही त्याच्याशी दोन शब्दांपलीकडं बोलायचे नाहीत. सामान देऊन झालं की स्वतःच त्याच्यामागून चालू लागायचे, कारण गावात तिरडी बांधायची तर ती आमच्या बाबांनीच, हे कोणीही न ठरवता ठरून गेलं होतं. बांबू ओला हवा, आडव्या कामट्या सारख्या अंतरावर हव्यात, गाठ अशी हवी की खांदा बदलताना हलू नये आणि घाटावर एका झटक्यात सुटावी. लग्नाच्या मांडवाची गाठ त्यांच्या हातून एखादे वेळी सैल जायची, पण तिरडीची कधी नाही.

दुकानामागं आमच्या तीन खोल्या होत्या. सकाळी जिनिंगचा भोंगा वाजला की माझी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, त्याला रोज न चुकता एक शिवी द्यायची आणि मगच चूल पेटवायची. मग हमालांची तेलुगू, दलालांची हिंदी, समोरच्या रज्जाकचाचांच्या दुकानातली उर्दू आणि आमच्या घरातलं मराठी असं सगळं एका हवेत कापसाच्या तंतूंसारखं तरंगत राहायचं. आत्याचा कशाकशावर विश्वास होता हे सांगायला बसले तर दुसरं पुस्तक होईल. कावळा डोक्याला शिवला, पाल पडली, कुत्रं रडलं, सगळ्यांवर तिच्याजवळ उतारा असायचा. मी पुढं सगळी नोकरी मुलांना विज्ञान शिकवण्यात घालवली. तरी आजसुद्धा गच्चीवर कावळा फार जवळून उडाला तर माझा हात आधी डोक्याकडे जातो, आणि वर कोणी पाहिलं नाही ना म्हणून मी इकडंतिकडं बघते.

माझा मोठा भाऊ गजू, आमचा दादा, तेव्हा दुबईत होता. खरं म्हणजे ती दुबई नव्हती, दुसराच कुठला देश होता. पण आमच्याकडं समुद्रापलीकडं पगार मिळतो त्या सगळ्या मुलखाला दुबईच म्हणतात. तिथं एका बेकरीत तो भट्टीवर होता. ज्यानं घरात कधी पोळी उलथली नाही तो तिकडं शेकडो लोकांना रोट्या भाजून घालतो, याचं मायला भारी नवल वाटायचं. आणि मग त्याच्या शेजारच्या देशावर लढाई सुरू झाली. रज्जाकचाचांच्या दुकानातल्या टीव्हीवर हिरवट अंधारात काहीतरी लकाकायचं, मग धूर दिसायचा, आणि कोट घातलेला माणूस नकाशावर बोट ठेवायचा. त्याचं बोट जाड होतं. ते ठेवलं की दोन-तीन देश एकदम झाकले जायचे, दादाचाही. माय टीव्हीला म्हणायची, "बोट उचल ना रे बाबा."

दादाचा फोन रज्जाकचाचांच्याच दुकानी यायचा. लढाई सुरू झाली आणि तो यायचा बंद झाला. आम्ही इकडून लावला तर कोणी बाई इंग्रजीत काहीतरी सांगून ठेवून द्यायची. मायनं रडणं वगैरे केलं नाही. तिनं वेगळंच केलं. दादाला जे जे आवडतं ते ते शिजवायचं बंद केलं. पोरगं तिकडं कोणत्या हालात आहे आणि आपण इकडं त्याच्या आवडीचं खायचं, हे तिच्या घशाखाली उतरेना. आता पंचाईत अशी की दादाला सगळंच आवडायचं. वांग्याची भाजी गेली, अंबाडी गेली, पिठलं गेलं, रोडगे गेले, साधं तुरीचं वरणही गेलं. त्याला जन्मात एकच गोष्ट आवडली नव्हती, ती म्हणजे दोडकं. तेव्हा आम्ही सकाळी दोडकं खाल्लं, संध्याकाळी दोडकं खाल्लं, दोडक्याच्या शिरांची चटणी खाल्ली. जगातल्या सगळ्या राज्यकर्त्यांना लढाईच्या काळात आमच्या घरी जेवायला बसवलं असतं तर तह लवकर झाला असता, हे माझं मत आजही कायम आहे.

शेवटी मायला कळलं की तिच्या माहेरी, भीमपूरला, एक पोरगा तिकडून परत आला आहे. तो दादाच्याच देशातून आला की दुसऱ्या, ते कोणालाच माहीत नव्हतं. त्याला तरी विचारून येते म्हणून ती सकाळच्या बसनं भीमपूरला गेली आणि मामाकडं मुक्कामाला राहिली. घरात मी, बाबा आणि आत्या उरलो. दोडकं मात्र ती आमच्यासाठी चिरून ठेवून गेली होती.

त्याच दिवशी गायकवाड सर आले. सर आमच्या कॉलेजात इंटरच्या पोरांना इतिहास शिकवायचे. तापट नव्हते, पण बोलताना चष्मा पुसायला काढायचे आणि पुसायचा विसरून हातातच धरून ठेवायचे. गावातल्या सगळ्या संघटनांनी मिळून लढाईविरुद्ध मोर्चा काढायचं ठरवलं होतं. शिक्षक, हमाल, बिडीकामगार बाया, मशिदीतली मंडळी, कॉलेजची पोरं, सगळे येणार होते. आणि मोर्चाच्या पुढं लढाईची प्रेतयात्रा काढायची, कलेक्टर कचेरीसमोर तिला अग्नी द्यायचा. सर म्हणाले, तिरडी नुसती दाखवायला हवी आहे, कशीही चालेल. बाबा म्हणाले, "कशीयी मले येत नाई, सर."

आणि ते बसले. आमच्याच दारापुढं ओले बांबू टाकून, मांडी घालून, तोंडात काथ्याचं टोक धरून. कामट्या मोजूनमापून बांधल्या, वर कडबा अंथरला. सरांनी कडब्याचाच एक माणूस करून आणला होता, डोकं म्हणून मडकं, त्यावर कोळशानं काढलेल्या मिशा. त्याला घालायला कपडे नव्हते. आत्या म्हणाली, मी देते, आणि आतून एक पँट नि एक शर्ट घेऊन आली. बाबा गाठी मारण्यात गुंतले होते, त्यांनी पाहिलंच नाही. मी पाहिलं. तो दादाचा निळ्या चौकटीचा शर्ट होता. मी तिला आत ओढून विचारलं, हे काय करून राह्यली तू? तिनं मला जे सांगितलं ते सांगण्याआधी एक रीत सांगायला हवी. आमच्याकडं कावळा डोक्याला शिवला की तो माणूस मेल्याची खोटी खबर लांबच्या नातेवाइकांना पाठवायची. ते खरंच रडले, की मरण वाटेतच फसलं. ज्याच्यासाठी एकदा रडून झालं त्याच्याकडं यम पुन्हा लवकर येत नाही. तेव्हा आत्याचं म्हणणं साधं होतं. एवढं मोठं मरण आयतं दारात तयार होऊन राह्यलं आहे, त्याला गजूचा शर्ट घातला तर काय बिघडलं? पण कोणाला सांगायचं नाही, नाहीतर लागत नाही.

मी कॉलेजात शिकणारी पोरगी, पण मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला. ठरलं होतं की सगळे मैदानावर जमतील आणि तिरडी तिकडं हातगाडीवरून न्यायची. पण बाबांच्या हातची तिरडी हातगाडीवर कशी जाईल? त्यांनी ती खांद्यावरच उचलायला लावली. चेहराही झाकेल असं पांढरं कापड, त्यावर गुलाल, फुलं. आणि सवयीनं स्वतः पुढं झाले, हातात दोरीला लटकवलेलं विस्तवाचं मडकं घेऊन. मी फलक घेऊन मागं निघाले तर त्यांनी मला थांबवलं. पोरी तिरडीमागं चालत नाहीत म्हणाले. मी म्हटलं, बाबा, हा मोर्चा आहे. त्यांनी एकदा तिरडीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाले, मंग थोडी दुरून ये.

आता आदिलाबादच्या माणसांचं एक आहे. भांडतील, तोलताना काटा मारतील, पण तिरडी दिसली की ती कोणाची हे न विचारता चार पावलं सोबत चालतील. बाजारातून आम्ही निघालो आणि दुकानदारांनी अर्धी अर्धी शटरं खाली ओढली. चहावाल्यानं रेडिओ बंद केला. हमालांनी डोक्यावरची फडकी काढली. बाबा पुढं दिसत होते, म्हणजे घरचंच कोणी असणार, म्हणून ओळखीचे सगळे चप्पल अडकवून मागं आले. मशिदीपुढून जाताना पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं पुढं झाली, खांदा दिला, दहा पावलं चालून दुसऱ्याला दिला. मैदानावर पोचेपर्यंत आमच्या मागं एवढी माणसं होती की तिथं आधी जमलेला मोर्चा आम्हालाच बघायला उभा राहिला. गायकवाड सर हातात चष्मा घेऊन बघतच राहिले. एवढा प्रतिसाद त्यांना अपेक्षित नव्हता.

पण घोषणा काही केल्या जमेनात. कॉलेजच्या पोरांनी 'युद्धम् वद्दु', म्हणजे युद्ध नको, असा एकदा जोरात आवाज दिला, तर एक म्हातारे गृहस्थ मागं वळून म्हणाले, "मय्यत के सामने ऐसा चिल्लाना नक्को." पोरं ओशाळली. सरांनी लाऊडस्पीकरवाल्या ऑटोला खूण केली, तर तो म्हणाला, सर, बरं दिसत नाही. म्हणून मग आदिलाबादेत लढाईविरुद्धचा एवढा मोठा मोर्चा अगदी मान खाली घालून, मुकाट्यानं चालला. चौकातल्या पोलिसानं शिट्टी खिशात टाकली आणि आमच्यासाठी वाहनं थांबवली. मला हसू येत होतं आणि हसताही येत नव्हतं. आजकाल मोबाईलवर मोठमोठ्या शहरांतले मोर्चे बघते, ढोल असतात, गाणी असतात, रंगवलेले चेहरे असतात. बघून मला वाटतं, यांना कोणीतरी एक नीट तिरडी बांधून द्यायला हवी.

बसस्टँडजवळ बाबांनी हात वर केला. तिथं विसाव्याची जागा. प्रत्येक तिरडी तिथं क्षणभर खाली ठेवायची, पुढचे मागं नि मागचे पुढं करायचे, मग उचलायची. सर म्हणाले, भाऊ, विसावा कशाला? बाबांना तो प्रश्नच कळला नाही. तिरडी खाली ठेवली. सगळा रस्ता भरून गेला होता, त्यामुळं बसगाड्या अडकल्या होत्या, आणि त्यातल्याच एका बसमध्ये माझी माय होती.

ती भीमपूरहून परत येत होती. बस अडकली म्हणून लोक उतरून बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, दोरीवाल्याच्या घरचं कोणी गेलं. ती उतरली. मला ती दिसली तेव्हा ती गर्दीतून येत होती, पिशवी कधीच हातातून पडली होती, आणि लोक तिला वाट देत होते, कारण त्यांना वाटलं घरची बाई आहे. मी ओरडले, माय, तसं नाही. पण मला दुरून चालायला लावलं होतं ना. तिनं आधी बाबांना पाहिलं, हातात मडकं घेतलेल्या बाबांना. मग कापडाखालून बाहेर आलेली ती निळ्या चौकटीची बाही पाहिली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी ऐकला नव्हता, आणि देवानं पुन्हा ऐकवलाही नाही. नुसतं 'गजू' म्हणून ती तिरडीवर पडली. रस्त्यावरच्या सगळ्या बाया रडायला लागल्या. खांदेकरी रडायला लागले. गायकवाड सर रडायला लागले, आणि त्यांना तर माहीत होतं आत कडबा आहे.

कडबा तिच्या हाताला लागला. ती थांबली. तोंडावरचं कापड ओढलं. कोळशाच्या मिशांचं मडकं तिच्याकडं बघत होतं. सगळा रस्ता इतका चूप झाला की बाबांच्या मडक्यातला विस्तव तडतडलेला ऐकू आला. माय हळूहळू उठून बसली, पदरानं तोंड पुसलं, आणि बाबांकडं बघून म्हणाली, "हे काय हाय वो?"

बाबा म्हणाले, "लढाई हाय." आणि शर्टाकडं बघून त्यांचाही रंग उडाला, कारण त्यांनीही तो तेव्हाच पाहिला.

"माया पोराचा सदरा कोनी घातला हिले?"

एवढ्यात मागून आत्या वाट काढत आली. ती माझ्याहीमागून, अगदी दुरून येत होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण चेहरा असा फुलला होता की जणू लेकाचं लग्न लावून आली आहे. ती मायजवळ बसली आणि म्हणाली, "मी घातला. रडली ना खरीखुरी? झालं. आता काई नाई होत त्याले."

माझ्या मायला ती रीत माहीत होती. भीमपूरचीच ती. तिनं आत्याकडं बघितलं. मला वाटलं आता इथंच भाऊबंदकी सुरू होते. पण तिनं आत्याचा हात धरला, मग सोडला, आणि तिरडीकडं वळून त्या शर्टाची एकेक गुंडी काढायला लागली. सगळा मोर्चा उभा. कलेक्टर कचेरीवर आमची वाट बघत बसलेले अधिकारी बसलेलेच. तिनं शर्ट काढला, पँट ओढून काढली, दोन्हींची नीट घडी घातली, काखेत धरली. मग त्या उघड्या कडब्याच्या माणसाला तिनं जे काही ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही, माझे नातू मराठी वाचतात. त्याच्या खानदानाला पुरून उरलं एवढं मात्र खरं. लोक आधी हबकले. मग कोणीतरी हसलं. मग ती ओरडली, "जाळा हिले!" आणि तेव्हा कुठं मोर्चाला कंठ फुटला. तेलुगूत, उर्दूत, मराठीत, ज्याला जे सुचेल ते. ऑटोवाल्यानंही लाऊडस्पीकर सोडला. पुढचा सगळा रस्ता माय बाबांच्या बरोबरीनं सर्वांत पुढं चालली, आणि पोरी तिरडीमागं चालतात की नाही हा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

घरी आलो तर ओटीवर डबे मांडलेले. गल्लीत खबर अर्धवट पोचली होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारच्या बायांनी पिठलं, भाकरी, वांग्याची भाजी, वरण असं सगळं आणून ठेवलं होतं. बाबा म्हणाले, परत करू, आपल्याकडं कोणी गेलेलं नाही. मी म्हटलं, अन्नाचा अपमान होईल. मी किती जेवले ते विचारू नका. माय मात्र जेवली नाही. ती रज्जाकचाचांच्या दुकानात फोनपाशी बसून होती. भीमपूरचा पोरगा दुसऱ्याच देशातून आला होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. आत्या तिला सांगून राह्यली होती, की आता येतेच फोन. माय हो म्हणत होती, पण तिची नजर फोनवरून हलत नव्हती.

आणि दिवेलागणीला तो वाजला. रज्जाकचाचांनी उचलला, एक शब्द ऐकला आणि रिसीव्हर मायच्या हातात देऊन तोंड फिरवून उभे राहिले. पलीकडून दादा ओरडत होता, आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. बेकरी बंद होती, तळघरात होते, आता बरं आहे, काळजी करू नको. मायनं त्याला सुखरूप असल्याबद्दल सणसणीत झापलं. मग विचारलं, "एकटाच हायेस का?" तो म्हणाला, नाही, यूसुफ आहे सोबत. भट्टीवर जोडीला असतो. ज्या देशावर बाँब पडून राह्यले त्याच देशाचा आहे.

माय म्हणाली, "दे त्याले."

तिनं त्याच्याशी आमच्या बाजारातल्या हिंदीत बोलायला सुरुवात केली. जेवला का बेटा, झोप लागते का. तो तिकडून हां अम्मा, हां अम्मा म्हणत होता. मग तिनं विचारलं, तुम्हारी अम्मा कैसी है? उत्तराऐवजी दादाच फोनवर आला. म्हणाला, त्याची माय गावात एकटी आहे, लढाई लागल्यापासून त्याचा तिला फोन लागला नाही. आणि कार्ड संपून लाईन तुटली.

दुकानात एकच गलका झाला. रज्जाकचाचांनी बरणीतली बिस्किटं सगळ्यांना वाटली, बाबा मघापासून नाक शिंकरत होते, आत्या तर यमाला हरवल्यासारखी पाटावर बसली होती. गायकवाड सर धावत आले. मायनं रिसीव्हर ठेवला नि त्यांना विचारलं, उद्या कुठून निघायचं? बाबा म्हणाले, "उद्या काऊन? आपला पोट्टा तर सुखरूप हाय."

माय म्हणाली, "मले आला फोन. तिले कुठी आला?"

दुसऱ्या दिवशी तिरडी नव्हती, त्यामुळं गर्दीही नव्हती. आम्ही घरचे, रज्जाकचाचा, सर आणि थोडी पोरं. दुकानांची शटरं सताड उघडी होती, रेडिओ चालू होते, आणि पोलिसानं आम्हाला शिट्टी मारून कडेनं चालायला लावलं. माय पुढं होती. दादा पुढं बरीच वर्षं तिकडं राहिला, यूसुफ मात्र लवकरच दुसऱ्या कामावर गेला नि त्याची खबर तुटली. पण जोवर माय होती तोवर दादाचा फोन आला की जेवलास का, पगार झाला का, हे सगळं विचारायच्या आधी ती एवढंच विचारायची, "तिचा लागला का रे?"